भरलेली खोली

धाकटीनं किल्ली काढली, तर दार आधीच उघडं होतं आणि आत पाऊल टाकायला जागा नव्हती.

खाटा भिंतीला लागून ओळीनं उभ्या, सगळ्यांच्या डोक्याकडच्या बाजू दांडा फिरवून सारख्या उंचीवर आणलेल्या. व्हीलचेअर दर्शनी भागात, लहान पुढे, मोठ्या मागे. कुबड्यांच्या जुड्या दोरीनं बांधून कोपऱ्यात. हवेच्या गाद्या घड्या घालून फळीवर रचलेल्या, कापडाच्या दुकानात ठाण रचावेत तशा. सगळं पुसून लख्ख केलेलं, आणि मधोमध बाह्या वर सारून काका उभे. चेहऱ्यावर समाधान असं, की जणू घरी लग्न आहे आणि मांडव वेळेत उभा राहिला आहे.

"कसं वाटतंय?"

"काका, हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? आपलंच आहे."

"आपलंच आहे ते मलाही माहीत आहे. काल संध्याकाळी मी कुलूप लावलं तेव्हा इथे दोन मोडक्या खुर्च्या होत्या आणि एक वॉकर. बाकी कुठून आलं?"

"लोकांकडून. तू गेलीस आणि मी टेम्पो काढला. उरलेलं आज सकाळी आणलं. कोणी कुरकुर केली नाही हो. म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, मोठी माणसं बघायला येतायत."

खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून धाकटी सर्वात पुढच्या व्हीलचेअरवर बसली.

"आणि खाटांवर जी माणसं होती?"

"त्यांना जमिनीवर गाद्या घालून दिल्या. मी स्वतः घातल्या. एका दिवसानं काय होतंय?"

तिनं कपाळाला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. केसांत पांढरं दिसायला लागलं तरी नाव बदललं नव्हतं, आणि काकांशी बोलताना वयही बदलल्यासारखं वाटत नसे.

"काका, आपलं काम साहित्य देण्याचं आहे. साठवण्याचं नाही."

"मला शिकवू नकोस. आयुष्यभर कापडाचं दुकान केलंय मी. फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक पायरी चढत नाही. दारातूनच विचारतं, नवीन माल कधी येणार? आणि पुढच्या दुकानात जातं."

"हे दुकान नाही."

"तेच तर सांगतोय. दुकान नाही, म्हणून तर जास्त भरलेलं दिसायला पाहिजे."

यावर काय बोलायचं? आईला नक्की सुचलं असतं. रुग्णसाहित्य केंद्र तिनं सुरू केलं ते एका खाटेवर. बाबांच्या आजारपणात घेतलेली ती खाट ते गेल्यावर घरात उभी होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून आईनं ती शेजारच्या गल्लीत एका आजारी बाईला दिली. ती परत आली तेव्हा तिला मागणारं तिसरं घर दारात उभं होतं. पुढे खाटा वाढल्या, खुर्च्या आल्या, ही भाड्याची खोली आली. लागेल त्यानं न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. अनामत नाही, भाडं नाही. संध्याकाळी कुलूप लावताना खोली ओकीबोकी दिसली की आई खूश असायची.

आता आई नव्हती, खोलीचं भाडं वाढलं होतं आणि आईनं बाजूला टाकलेले पैसे तळाला गेले होते. हे वर्ष सरताना केंद्र बंद करायचं की नाही, हा प्रश्न होता. बंद केलं तर आईचं असं काहीच हलतं-बोलतं उरणार नव्हतं. हे धाकटी कोणाला सांगत नसे, पण म्हणूनच तिनं दादाकरवी एका खाजगी फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज टाकला होता. घरच्या घरी आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना ते पैसे देत. आज त्यांच्या अधिकारी बाई यायच्या होत्या.

"तासाभरात जेवढं परत नेता येईल तेवढं नेऊ," ती उठत म्हणाली.

"टेम्पोवाला दुपारनंतर येणार. त्याला दुसरं भाडं आहे."

तेवढ्यात आत्या आली. काकांची थोरली बहीण, लग्न न करता जन्मभर रुग्णालयात नर्स. दारात उभं राहून तिनं खोलीवर नजर फिरवली.

"हे काय मांडलंयस रे? वॉर्ड उघडतोयस की जुन्या बाजारात गाळा घेतलायस?"

"ताई, तू तरी सुरू करू नकोस."

"सुरू तू केलंयस. सकाळपासून माझा फोन वाजतोय. त्या वरच्या आळीतल्या आजोबांना उठून बसता येत नाहीये. खाट केव्हा मिळेल म्हणून त्यांची सून विचारते. मला वाटलं, पोरीचा गोंधळ उडाला असेल. मग वाटलं, पोरीचा नसेल."

दादा आला तो लॅपटॉप छातीशी धरून. कंपन्यांना सल्ले देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे घरात त्याचा सल्ला कोणी घेत नसे, याचं त्याला दुःख होतं. त्यानं खोली पाहिली आणि मान डोलावली.

"छान दिसतंय. खरंच. त्यांना आपल्या कामाचं स्केल दिसायला पाहिजे."

"बघ," काका म्हणाले. "शिकलेल्या माणसाला कळतं."

"दादा, ही खाटांवरची माणसं जमिनीवर झोपलीयत."

"हो का?" त्यानं लॅपटॉप दुसऱ्या हातात घेतला. "पण आता आणलंच आहे तर राहू दे ना. उगाच तमाशा नको. मी सांगतो कसं प्रेझेंट करायचं ते."

"तू काही सांगू नकोस," आत्या आणि धाकटी एकदमच म्हणाल्या.

दोघं एकीकडे, दोघी एकीकडे. आई असताना अशी फाळणी टिकत नसे. ती मध्ये येऊन असं काही बोलायची, की सगळेच तिच्या विरुद्ध एक व्हायचे, आणि मग ती स्वतःला हवं तेच करायची.

अधिकारी बाई ठरल्या वेळी आल्या. साधी चप्पल, खांद्याला पिशवी, खूप खोल्या पाहून झालेल्या माणसाचे डोळे. काकांनी त्यांना दारापासून आत आणलं, एका खाटेचा दांडा फिरवून दाखवला, गादीला हात लावून बघायचा आग्रह केला. धाकटीला वाटलं, आता हे बाईंना मीटरचा भाव सांगणार.

बाई एका व्हीलचेअरवर बसल्या. दादानं लॅपटॉप उघडला.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "अर्ज मी वाचलाय. एक शब्द कळला नाही. 'परिणामकेंद्री' म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणजे... परिणाम केंद्रस्थानी ठेवून केलेलं."

"काही नाही हो," आत्या म्हणाली. "त्याला लहानपणापासून शब्द आवडतात. खेळण्यांपेक्षा तेच बरे, म्हणून आम्हीही काही बोललो नाही."

बाई थोड्या हसल्या. "पैसे कमी पडतायत हे मला प्रत्येकजण सांगतो. ते खरंही असतं. पण तेवढ्यावर आम्हाला देता येत नाही. आम्ही बघतो, की तुमचं काम आणि आम्हाला जे व्हावंसं वाटतं ते, ही एकाच वाटेवरची आहेत का. तुमच्यामुळे कोणाचं काय बदललं, ते तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे का. आमच्याखेरीज आणखी कोणी तुमच्यावर विश्वास टाकतं का. आणि ज्यांनी हे उभं केलं त्या नसताना ते चालेल का." त्यांनी खोलीभर पाहिलं. "अर्जात लिहिलंय, की तुमचं बहुतेक साहित्य सतत लोकांच्या घरी असतं."

"मागाल ते हजर," काका म्हणाले. "आजवर कोणाला नाही म्हटलं नाही."

"पण ते तर सगळं इथेच दिसतंय. मग लोक नेत नाहीत का?"

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यामागचे काका कुठे तरी निघून गेले. इतक्या वर्षांत भरल्या दुकानाबद्दल हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"सर्व्हिसिंग," दादा म्हणाला. "वर्षातून एकदा सगळं मागवून घेतो. देखभाल."

"हो, हो. देखभाल," काका म्हणाले.

अधिकारी बाईंनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. धाकटीला दिसत होतं ते एवढंच, की अर्जात जे खरं होतं ते आता खोटं ठरलं होतं, आणि ते वाचवायला आणखी एक खोटं पुढे केलं गेलं होतं. आता ते खरं ठरवायला तिसरं लागणार. तिला या सगळ्याचा, या माणसांचा, या फिनेलच्या वासाचा एकदम वीट आला.

"देखभाल नाही," ती म्हणाली. "काल संध्याकाळी ही खोली रिकामी होती. रोज असते. तुम्हाला भरलेली दिसावी म्हणून काकांनी घरोघरी जाऊन हे सगळं उचलून आणलं. आज दुपारी परत जाणार आहे. तोवर माणसं जमिनीवर आहेत."

 आत्याचा फोन वाजला. तिनं तो मांडीवर पालथा घातला.

"हे कोणी ठरवलं?" बाईंनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "अध्यक्ष मी आहे."

"समितीला विचारलंत?"

"समिती म्हणजे आम्हीच की."

"मी आधीच म्हणत होतो, की हे बरोबर दिसणार नाही," दादा म्हणाला, आणि धाकटीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

आत्या मात्र खुर्चीत पुढे सरकली. सकाळपासून ती भावाला सोलत होती. पण ते घरात. परक्या माणसापुढे तो असा मान खाली घालून बसलेला तिला बघवेना.

"हे बघा बाई, तो मूर्खपणा करतो, नाही म्हणत नाही मी. पण हिच्या आईला या खोलीचं पहिलं भाडं कोणी दिलं विचारा. सगळे तिला वेडी म्हणत होते तेव्हा दुकानाच्या गल्ल्यातून यानं दिलं. त्याची बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती."

"ताई, ते कशाला," काका म्हणाले.

"मी त्यांच्या हेतूबद्दल विचारत नाहीये," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यात यांना नको म्हणू शकेल असं कोण आहे, ते विचारतेय. समितीत पाच नावं आहेत. पाचही एकाच आडनावाची. त्यातले चार तुम्ही. पाचव्या बाई आज आल्या नाहीत का?"

धाकटीनं दाराकडे पाहिलं. दादानं जमिनीकडे. शेवटी आत्या म्हणाली, "त्या म्हणजे हिची आई. ती गेली. वर्ष होत आलं."

बाईंनी पिशवीचा पट्टा हातात धरला आणि सोडला. "मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. मग काळजीपूर्वक, "पण अर्ज तर गेल्या महिन्यातला आहे."

अर्जातला तो भाग धाकटीनं भरला होता. काकांनी बैठकीत दोनदा विषय काढला होता: वहिनींच्या जागी कोणाला तरी घ्यायला पाहिजे. दोन्ही वेळा तिनं 'एवढी घाई काय आहे' म्हणून तो पुढे ढकलला होता, आणि दुसऱ्या वेळी तर काकांना माणुसकी नाही असंही काहीतरी बोलली होती. अर्ज भरताना आईचं नाव तिनं चौघांच्या वर लिहिलं, रोजच्या सवयीनं, जसं बैठकीला पाच कप मांडले जात राहिले तसं. आता काकांनी हे सांगितलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. थोड्या वेळापूर्वी तिनं त्यांचं काय केलं होतं? तिनं वाट पाहिली.

"ती चूक माझी," काका म्हणाले. "अध्यक्ष मी आहे. माझ्याकडून राहून गेलं."

अधिकारी बाई उठल्या. "मी जे पाहिलं ते सगळं लिहीन. हेही लिहीन, की मला खरं सांगितलं गेलं, उशिरा का होईना. महिनाअखेर आमची बैठक आहे. तोवर समितीत निम्म्याहून जास्त माणसं घराबाहेरची असतील तर अर्ज पुढे जाईल. पैसे मिळतील असं म्हणत नाहीये मी. पुढे जाईल." दारात त्या वळल्या. "आधी खाटा पोचवा."

त्या गेल्यावर भांडायला मोकळीक मिळाली. दादाचं म्हणणं, आत्यानं वयाचा विचार करून समितीतलं पद सोडावं. आत्याचं म्हणणं, जो बैठकीला फिरकतच नाही त्यानं सोडलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. बाहेरची माणसं आणायची कुठून, आणि उद्या त्यांनी आईचं सगळं गुंडाळून ठेवलं तर?  काका मात्र कुबड्यांच्या जुड्या सोडत राहिले. टेम्पो आल्यावरच सगळे गप्प झाले.

शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नसलेलं. धाकटी, काका आणि टेम्पोवाला, तिघांनी खाट वळणावळणावर उभी-आडवी करत वर नेली. दार उघडलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या न काढताच त्यांनी काकांना ओळखलं.

"कालचे साहेब. सकाळी येणार होतात."

"उशीर झाला," काका म्हणाले.

"उशीर रेल्वेला होतो. तुम्ही आलाच नाहीत."

शिलाई यंत्राशेजारी जमिनीवर गादी होती आणि तिच्यावर त्यांचा नवरा, अंगावर ओढलेल्या चादरीतून छताकडे बघत. चौघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर घेतलं. पाठ टेकली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. बाईंनी दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर केली, उशी सारखी केली, आणि मग त्या काकांकडे वळल्या.

"यांची कूस बदलायला रात्रभर मी खाली बसत होते आणि उठत होते. माझे गुडघे काही तुमच्या केंद्राचे नाहीत. काल तुम्ही खाट मागितलीत तेव्हा मी नाही म्हटलं होतं की नव्हतं?"

"म्हटलं होतं."

"मग?"

"मी ऐकलं नाही," काका म्हणाले.

कोणी कुरकुर केली नाही हो, असं सकाळी सांगणारे ते हेच. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, तर ते टेम्पोवाल्याला खाली जायची खूण करून जिना उतरायला लागले होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका पायरीवर बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"या बाईंना विचार," ते म्हणाले.

"काय?"

"समितीत येतात का. तोंडावर नाही म्हणाली मला. मी ऐकलं नाही, ते सोड. अशी आणखी दोघं असती तर ऐकावं लागलं असतं."

"काका, जागा कुठे आहे?"

"माझी घे. दादाची घे. त्याला सल्लागार म्हण. शब्द मोठा आहे, खूश होईल." मग ते कठड्याच्या गजांतून खाली बघू लागले. "आणि एक आहेच."

 धाकटीला त्यांच्यावर रागवायचं होतं, सकाळपासून रागवायचं राहिलंच होतं खरं तर. पण हा माणूस एका दिवसात मूर्ख आणि शहाणा असा दोन्ही कसा झाला, याचाच तिला जास्त राग आला. ती वळली आणि पुन्हा वर गेली.

बाई यंत्रावर बसल्या होत्या. "काय राहिलं?"

धाकटीनं सांगितलं. केंद्राला समिती आहे, समितीत घराबाहेरची माणसं हवीत, महिन्यातून एकदा बसायचं असतं.

"मला वेळ कुठे आहे? आणि येऊन करायचं काय?"

"पटलं नाही तर नाही म्हणायचं."

"त्यासाठी समिती लागते?" बाईंनी पाय थांबवला. "कोणाच्या जागी?"

काकांच्या, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. ते खरंही होतं आणि सोपंही.

"माझ्या आईच्या."

"त्या सोडतायत?"

"नाही. ती गेली." हे वाक्य आजवर कोणी ना कोणी तिच्या वतीनं म्हणत आलं होतं. म्हणताना ते तिला वाटलं होतं त्याहून फारच लहान निघालं.

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून यंत्रावरच्या टाचण्यांच्या उशीत खोचल्या. "कधी?"

"वर्ष होत आलं."

"आणि इतके दिवस त्या जागेवर बसत कोण होतं?"

"कोणी नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हात लांब करून स्टुलावरचं कापड उचललं आणि मांडीवर घेतलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा नाही मिळणार, हे आज द्यायचंय. पण बसा."

यंत्र पुन्हा सुरू झालं. खाली टेम्पोवाल्यानं एकदा, मग दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. धाकटी बसून राहिली.